अग्रक्रमाचा प्रश्न आणि एक ध्वनिमुद्रिका

१

चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका १९८२ सालची. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग तीत डिस्कोच्या ठेक्यावर, केवळ विद्युत्‌वाद्यांच्या साहाय्याने वाजविलेले आहेत. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती बाजारात आणली. परंतु तिचा फारसा खप झाला नाही आणि लौकरच ती विस्मृतीत गेली. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या डच प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातील श्रोते चकित झाले. शिकागो शहरात १९८७ मध्ये ज्या मुद्रिकेने 'अ‍ॅसिड हाऊस' या नृत्यसंगीताचा आरंभ झाला असे मानले जाते, त्या मुद्रिकेतील विशिष्ट नाद येथे पाच वर्षे आधी ऐकू येत होता. तेव्हापासून सिंग यांचे नाव 'अ‍ॅसिड हाऊसचा खरा जनक' या बिरुदासह घेतले जाऊ लागले. २०१५ मध्ये ते निवर्तले, त्या वेळच्या मृत्युलेखांतही हे बिरुद होतेच.

हे बिरुद आपणांस सुखावणारे आहे. जे पश्चिमेत घडले ते आपल्याकडे आधीच घडले होते, असे म्हणण्याची संधी आपण सहसा दवडीत नाही. परंतु कालक्रमातील अग्रक्रम आणि कलाप्रकाराचे जनकत्व या दोन वस्तू एकच आहेत काय, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, त्या एक नाहीत. किंबहुना अग्रक्रमाच्या या आग्रहामुळे सिंग यांच्या कृतीचे खरे स्वरूपच झाकले गेले आहे.

२

प्रथम वाद्यांचा विचार करू. सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या स्वरांचे यंत्र. यांपैकी टीबी-३०३ हे सर्व वादाचे मूळ होय. एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी, एवढ्याच हेतूने ते १९८१ मध्ये विक्रीस आले. साथीदार म्हणून ते अपेशी ठरले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. सोळा मात्रांची एक स्वराकृती त्यात भरून ठेविली म्हणजे ते ती अविश्रांत वाजवीत राहते. एका वेळी एकच स्वर निघतो. मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. याशिवाय नादातील वरचे अंश कमीअधिक गाळणारी, त्याला कधी घुमारदार तर कधी कर्कश करणारी बटणे त्यावर आहेत.

शिकागोतील 'फ्यूचर' या तरुणांच्या गटाने हे यंत्र वापरून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही मुद्रिका केली. अकरा मिनिटांहून अधिक काळ चालणाऱ्या या कृतीत स्वराकृती जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो नाद. बटणे फिरवून तीच स्वरावली कधी पाण्याखालून आल्यासारखी, तर कधी किंचाळल्यासारखी उमटते. सारा विकास नादाच्या पोताचा आहे, स्वरांचा नाही.

सिंग यांच्या मुद्रिकेत नेमके उलट घडते. खर्जाची आकृती आणि ठेका ही येथे भूमी आहे, आणि तिच्यावर ज्युपिटर-८ च्या पट्ट्यांवरून वादकाचा हात रागाचे स्वर फिरवितो. कान सतत त्या वरच्या चलनाकडे असतो. आपल्या परिचयातील उदाहरण घ्यावयाचे तर एकल तबल्याच्या वेळी सारंगी किंवा पेटी जो लेहरा धरते, त्याची येथे आठवण येते. लेहरा अखंड फिरत राहतो तो दुसऱ्या कोणाला तरी विस्तार करता यावा म्हणून. सिंग यांच्या मुद्रिकेत टीबी-३०३ लेहरा धरते आणि विस्तार होतो रागाचा. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मध्ये मात्र लेहऱ्यावर कोणीच काही वाजवीत नाही; लेहराच आपला रंग पालटीत मुख्य पदावर येतो. यंत्र एक, नादही पुष्कळ अंशी एक. पण एकात तो साथीला आहे आणि दुसऱ्यात तोच नायक आहे. नाद सारखा म्हणून प्रकार एक, असे म्हणणे म्हणजे पखवाज वाजतो म्हणून ध्रुपद आणि भजन यांना एकच समजणे होय.

३

मुद्रिकेच्या नावातच तिची प्रतिज्ञा आहे : राग, आणि डिस्कोचा ठेका. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजविलेले वादक होते; चित्रपटगीतांच्या वाद्यमुद्रिकाही त्यांनी केल्या होत्या. १९८० च्या 'कुर्बानी'ने डिस्कोला घरोघरी नेले होते आणि १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला. अशा वेळी एका वृंदवादकाने चालू ठेका घेऊन त्यावर राग मांडून पाहिला. तेव्हा या कृतीची परीक्षा प्रथम तिच्याच प्रतिज्ञेने व्हावयास हवी.

त्या कसोटीवर ती सर्वत्र सारखी उतरत नाही. एकेक राग सुमारे पाच मिनिटांत आटोपतो. ठेका आरंभापासून धावत असल्यामुळे बढतीला वाव नाही. शिवाय सिंथेसायझरच्या पट्ट्या बारा सम अंतरांत बांधलेल्या आहेत. तोडीचा अतिकोमल गंधार त्यांत बसत नाही आणि तोडीचे तोडीपण पुष्कळसे त्या गंधारात आहे. ललतमध्ये दोन मध्यमांच्या निकटतेतून जी व्याकुळता निर्माण होते, तिला स्वरावर थांबण्याची गरज असते. धावता ठेका ते थांबणे देत नाही. उलट भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार औडव राग येथे अधिक तग धरतात. पाचच स्वर असल्यामुळे त्यांच्यामधील अंतरे मोठी असतात आणि द्रुत चलनातही रागाची ओळख पुसली जात नाही. यंत्राची घसरण मींडेची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. तरी स्वरास्वरांतील सांधा ती अगदीच कोरडा राहू देत नाही.

या कृतीचे मर्म मात्र आणखी एका साम्यात आहे. डिस्कोच्या दीर्घ वाद्यखंडांत स्वरसंवादांची हालचाल अत्यल्प असते. एकाच स्वरभूमीवर सारे उभे राहते. रागसंगीतालाही षड्जाच्या अचल भूमीखेरीज दुसरा आधार नसतो. चित्रपटाच्या वाद्यवृंदात रागाधिष्ठित चालींना पाश्चात्त्य स्वरसंवादांचे अस्तर लावण्याचे काम सिंग यांनी जन्मभर पाहिले होते. येथे त्यांनी ते अस्तर काढून टाकले. राग आणि यंत्र यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ लागत नाही, ही जाण त्यांची स्वतःची आहे आणि ती कोणत्याही अग्रक्रमाहून मोलाची आहे.

४

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. नृत्यसंगीताचा प्रकार मुद्रिकेत जन्मतो की नृत्यभूमीवर? शिकागोचा इतिहास याचे स्पष्ट उत्तर देतो. १२ जुलै १९७९ रोजी त्या शहरातील बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला आणि हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. ज्यांचे हे संगीत होते, ते बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे, आणि त्यांतही समलिंगी असल्यामुळे दुहेरी बहिष्कृत झालेले तरुण होते. 'वेअरहाऊस' या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स त्यांच्यासाठी तबकड्या वाजवीत असे. 'हाऊस' हे नाव त्या क्लबावरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे 'म्यूझिक बॉक्स' या क्लबात रॉन हार्डी याने 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' मुद्रित होण्यापूर्वीच तिची ध्वनिफीत वाजविली. पहिल्या वेळी नर्तक भूमी सोडून गेले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि चौथ्या वेळी तेच लोक बेभान होऊन नाचले, असे त्या गटाचे वादक सांगत आले आहेत.

ही हकीकत केवळ मनोरंजक नाही. डीजे म्हणजे काय, ते तिच्यातून कळते. आपल्याकडे मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीलाच 'डीजे' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. माणसाचे नाव यंत्राला गेले आणि माणूस दिसेनासा झाला. वस्तुतः डीजे हा निवड करणारा आहे. कोणती तबकडी, कोणत्या क्षणी, कशानंतर, आणि एकीची लय दुसरीत अखंड कशी न्यावी, हे तो समोरच्या देहांकडे पाहून ठरवितो. मैफलीत श्रोत्यांची दाद गवयाला वळण देते, तसे नर्तकांचे पाऊल त्याला वळण देते. नर्तकांनी आधी नाकारलेला आणि मग स्वीकारलेला नाद, हा 'अ‍ॅसिड हाऊस'चा खरा जन्म होय. सिंग यांच्या मुद्रिकेला अशी भूमी मिळाली नाही. ती घरच्या ग्रामोफोनसाठी निघाली आणि तेथेच थांबली.

मुंबईहून फार दूर नसलेल्या गोव्यात अशी भूमी त्याच काळात आकार घेत होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. हणजुणे येथील किनाऱ्यावर पाश्चात्त्य प्रवासी रात्रभर नाचत. उन्हाने आणि धुळीने तबकड्या खराब होत, म्हणून तेथील डीजे ध्वनिफिती वापरीत. गाण्याचे शब्द कापून वाद्यखंड लांबविलेल्या फिती ते स्वतः तयार करीत. यातूनच १९९० नंतरच्या दशकात 'गोवा ट्रान्स' हा प्रकार जगभर पोहोचला. त्यात एक संकेत रूढ झाला : मध्यरात्रीचे संगीत गडद व उग्र असावे आणि सूर्योदयाबरोबर ते उजळत जावे. रागांच्या समयचक्राशी या संकेताचे साम्य विलक्षण आहे. सिंग यांनी भैरव आणि मालकंस एकाच गतीत, एकाच तबकडीवर मांडले, तेव्हा पहाट व मध्यरात्र यांतील भेद मावळला. समयाचे बंधन राग घेऊन आलेल्या मुद्रिकेने सोडले आणि रागाशी संबंध नसलेल्या किनाऱ्याने ते स्वतःच्या गरजेतून पुन्हा शोधून काढले. अर्थात, रात्र आणि पहाट एकत्र जगणारा समुदाय असेल तेथेच समयाला अर्थ येतो.

५

या विवेचनातून सौंदर्यशास्त्रापुढे एक प्रश्न उभा राहतो. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीच्या संघटनेचा विचार केला. नादाच्या शुद्ध संवेदनांची रचना म्हणून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'कडे पाहिले तर ही तत्त्वे तिला आश्चर्यकारकपणे लागू पडतात : न बदलणारी आकृती आणि सतत बदलणारा पोत यांतील विरोध, आणि ठेक्याने साधलेला समतोल. परंतु एवढ्याने त्या कृतीचा विचार पुरा होत नाही. कारण तिच्या लयीचा एक घटक मुद्रिकेबाहेर, नर्तकाच्या देहात आहे. पहिल्या वेळी नाकारलेली आणि चौथ्या वेळी स्वीकारलेली फीत एकच होती. तिच्यातील संवेदनांत अणुमात्र फरक पडला नव्हता. जे बदलले ते ऐकणाऱ्यांचे नाते. कलाकृतीची स्वायत्तता मान्य करूनही, काही प्रकारांत कृतीची सीमा मुद्रिकेच्या कडेशी संपत नाही, असे म्हणावे लागते.

तेव्हा चरणजित सिंग यांना जनकत्व देणे म्हणजे शिकागोच्या त्या बहिष्कृत तरुणांचे श्रेय नकळत हिरावून घेणे होय. आणि सिंग यांनाही त्यातून न्याय मिळत नाही. 'आधी' या शब्दाने केलेला गौरव कृती ऐकण्याची गरजच उरू देत नाही. तारीख पुरेशी होते. त्यांची कृती ऐकली म्हणजे तीत आरंभापेक्षा एका परंपरेचे टोक अधिक जाणवते. मोठ्या वृंदात अनामिकपणे वाजविणारा एक वादक तीन यंत्रे घेऊन एकटा बसतो आणि आयुष्यभर कानांत साठविलेले राग कोणाच्याही मध्यस्थीशिवाय मांडून पाहतो. पुढच्या दोन दशकांत अशाच यंत्रांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील ते वृंद रोडावत गेले आणि सिंग यांच्या पिढीतील कितीतरी वादकांचे काम सुटले. ही मुद्रिका त्या संधिकालाची साक्ष आहे : यंत्र अजून वादकाच्या हाताखाली आहे आणि वादकाला अजून राग सांगावयाचा आहे. तिच्यातील मालकंस किंवा कलावती या दृष्टीने पुन्हा ऐकावा. ती कोणाच्या किती वर्षे आधी झाली, हा प्रश्न तेव्हा आपोआप मागे पडतो.