'पित्ताची गोळी' आणि खोकला : एका उपचारप्रथेची चिकित्सा

प्रस्तावना

'पित्त झाले आहे' हे वाक्य मराठवाड्यात रुग्ण, त्याचे नातेवाईक, औषधविक्रेता आणि डॉक्टर या सर्वांच्या सारखेच परिचयाचे आहे. छातीतील जळजळ, करपट ढेकर, डोकेदुखी, मळमळ अशा अनेक तक्रारींचे स्पष्टीकरण या एका वाक्याने दिले जाते. गेल्या काही दशकांत या यादीत आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या कोरड्या खोकल्याचीही भर पडली आहे. खोकल्याचे औषध घेऊन झाले, प्रतिजैविके घेऊन झाली, तरी ढास थांबत नाही, तेव्हा 'हा पित्ताचा खोकला असावा' असे अनुमान निघते आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्लरोधक गोळी सुरू होते.

हे अनुमान निराधार नाही. जठरातील द्रव अन्ननलिकेत उलटून आल्यामुळे खोकला येऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. परंतु 'येऊ शकतो' या विधानापासून 'म्हणून आम्ल कमी केले की खोकला जाईल' या विधानापर्यंतचा प्रवास दिसतो तितका सरळ नाही. प्रस्तुत निबंधात या प्रवासातील तर्काची, त्यामागील भाषेची आणि उपलब्ध पुराव्याची तपासणी नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केली आहे.

'पित्त' शब्दाचा अर्थविस्तार

आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक दोष आहे. माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद सांगितले असून आंबट-कडू ढेकर, छाती व घशातील दाह ही लक्षणे नोंदवली आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी व श्वास या विकारांचा उगम पित्तस्थानाशी जोडला आहे. पोटाचा आणि श्वसनाचा संबंध असतो ही कल्पना, म्हणजे, या भूमीला नवी नाही. मात्र त्याच चरकसंहितेत कासाचे वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज असे पाच प्रकार केले आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्राचीन वैद्याने पित्ताला खोकल्याच्या पाच कारणांपैकी एकच जागा दिली होती.

आधुनिक मराठीत मात्र या शब्दाचा अर्थ पसरट झाला. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पित्तरस म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा, अल्कधर्मी स्राव. बोलीत 'अंगावर पित्त उठणे' म्हणजे त्वचेवर गांधी येणे. 'पित्ताने डोके धरणे' म्हणजे अर्धशिशीसारखी वेदना. आणि 'पित्ताची गोळी' म्हणजे जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल कमी करणारे औषध. ही गोळी यकृतातील पित्तरसाची निर्मिती थांबवत नाही, आणि आयुर्वेदातील दोषरूप पित्त ही तर वेगळ्याच शास्त्राची संकल्पना आहे. एका शब्दाच्या आश्रयाने चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्यामुळे त्या सर्वांवर एकच उपाय लागू पडेल असा आभास निर्माण होतो. निदान होण्यापूर्वीच उपचाराचे नाव ठरते, ही या प्रथेतील पहिली अडचण आहे.

सिद्धान्ताची मांडणी

आम्लरोधक औषधांचा इतिहास फार जुना नाही. सायमेटिडीन हे औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आले. त्यामागील संशोधनाचा समावेश असलेल्या कार्याबद्दल जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रॅनिटिडीन १९८१ मध्ये आणि ओमेप्रॅझोल १९८८ मध्ये बाजारात आले. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल ही औषधे जठराच्या पेशींतील आम्ल बाहेर टाकणारा 'प्रोटॉन पंप' बंद करतात. जठरव्रण आणि अन्ननलिकेचा दाह यांच्या उपचारात या औषधांनी घडवलेला बदल निर्विवाद आहे.

याच काळात खोकल्याचाही नव्याने विचार होत होता. अमेरिकेतील रिचर्ड आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असे दाखवले की, छातीत जळजळ नसतानाही केवळ खोकला हेच रिफ्लक्सचे एकमेव लक्षण असू शकते. त्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, उलटलेल्या द्रवाचे सूक्ष्म थेंब घशात व श्वासनलिकेत जातात. दुसरे, अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भावस्थेत एकाच नळीपासून तयार होतात व दोन्हींना व्हेगस चेतेचा पुरवठा असतो. त्यामुळे अन्ननलिकेचा खालचा भाग उद्दीपित झाला तरी खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते.

या दोन्ही स्पष्टीकरणांत काय उलटते आणि ते किती आम्ल आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ओमेप्रॅझोल घेणाऱ्या रुग्णांच्या अन्ननलिकेतील हालचालींचे इम्पीडन्स व पीएच या दोन्ही पद्धतींनी एकाच वेळी मापन करणारा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाने उलटणारा द्रव कमी आम्ल होतो, मात्र तो उलटणे फारसे कमी होत नाही, असे त्यातून दिसले. गोळी पाण्याचा गुण बदलते, पूर थांबवत नाही. ज्याचा खोकला द्रवाच्या केवळ वर येण्याने, अन्ननलिका ताणली जाण्याने किंवा त्यातील पेप्सिन व पित्तरसाने होत असेल, त्याला या गोळीचा उपयोग मर्यादितच राहणार. शिवाय खोकताना पोटातील दाब वाढतो आणि त्यामुळेही द्रव वर येतो. रिफ्लक्स सापडला तरी तो खोकल्याचे कारण आहे की परिणाम, हा प्रश्न उरतोच.

पुराव्याची तपासणी

तर्क सदोष असला तरी उपाय गुणकारी ठरू शकतो. म्हणून प्रत्यक्ष चाचण्यांकडे वळणे आवश्यक आहे. शाहीन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत छातीत जळजळ नसलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या ४० रुग्णांना १२ आठवडे एसोमेप्रॅझोलची मोठी मात्रा किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. दोन्ही गटांत खोकल्याच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्याने अगदी लहान मुलांत ही औषधे खोकल्यावर परिणामकारक नाहीत, आणि प्रौढांबाबत निश्चित शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

कारिलास आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केलेला आढावा या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तो सरसकट नकार देत नाही. अन्ननलिकेत आम्लाचा संपर्क मोजून खरोखर जास्त आढळला अशा रुग्णांत निष्क्रिय गोळीच्या तुलनेत औषधाचा अधिकचा लाभ १२.५ ते ३५.८ टक्के होता, आणि असा संपर्क नसलेल्यांत तो ० ते ८.६ टक्के होता. औषध निरुपयोगी नाही, त्याची निवड आंधळी आहे, असा याचा अर्थ होतो. अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हीच भूमिका घेतली. जळजळ किंवा आंबट पाणी घशाशी येणे अशी लक्षणे नसतील, तर खोकल्यासाठी केवळ ही गोळी देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. रिफ्लक्सचा संशय असल्यास वजन कमी करणे, झोपण्यापूर्वी तीन तास न जेवणे, पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करणे यांवर भर दिला आहे. युरोपीय श्वसनविकार संघटनेनेही २०२० मध्ये दीर्घकालीन खोकल्यात आम्लरोधकांचा सरसकट वापर करू नये असे सुचवले.

मग अनेकांना गुण आल्याचे का दिसते? याचे उत्तर अंशतः खोकल्याच्याच स्वभावात आहे. विषाणुजन्य सर्दीनंतरचा खोकला कित्येकदा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो आणि आपोआप ओसरतो. तो ओसरण्याच्या बेतात असताना सुरू केलेली शेवटची गोळी यशाची धनी होते. निष्क्रिय गोळीनेही खोकल्यात बरीच सुधारणा होते, हे चाचण्यांत वारंवार दिसले आहे. 'गोळीने बरे वाटले, म्हणून पित्तच होते' हा युक्तिवाद कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी त्या जातीचा आहे.

नांदेड-लातूरचा संदर्भ

पाश्चात्त्य देशांतील दीर्घकालीन खोकल्याची कारणमीमांसा दमा, नाकामागून घशात उतरणारा स्राव आणि रिफ्लक्स या त्रयीभोवती फिरते. ही त्रयी मराठवाड्यात जशीच्या तशी लागू करता येत नाही. येथे खोकल्याला विचारायचा पहिला प्रश्न क्षयरोगाचा आहे. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमानुसार दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ खोकला असलेल्या व्यक्तीची क्षयरोगासाठी तपासणी झाली पाहिजे. याउलट आम्लरोधक गोळीचा खोकल्यावर परिणाम पाहण्यासाठी साधारणतः आठ ते बारा आठवडे थांबण्याची प्रथा आहे. दोन आठवडे आणि बारा आठवडे यांमधील अंतर हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे. थुंकी न तपासता 'पित्ताचा खोकला' म्हणून काढलेल्या त्या दहा आठवड्यांत क्षयरुग्णाचे फुप्फुस पोखरले जाते आणि एकाच खोलीत झोपणाऱ्या लेकराबाळांना संसर्ग होतो. गोळी निरुपद्रवी आहे म्हणून तो विलंबही निरुपद्रवी ठरत नाही.

दुसरी कारणेही स्थानिक जीवनातच आहेत. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रीला बिडी न ओढताही श्वासनलिकांचा जुनाट विकार होऊ शकतो. लातूरच्या डाळ मिलमधील भुशाची धूळ, मळणीच्या दिवसांतील कचरा, नांदेड परिसरातील कापसाचे तंतू यांचाही विचार करावा लागतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील औषधांनी कोरडा खोकला येतो. अशा रुग्णाला गोळी बदलून देण्याऐवजी आणखी एक गोळी वाढवून दिली, तर एका औषधाचा दुष्परिणाम दुसऱ्या औषधाने झाकण्याचा प्रकार होतो.

अन्ननलिकेतील आम्लाचे चोवीस तास मापन जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होत नाही, त्यामुळे गोळी देऊन पाहणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. परंतु थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे या दोन्ही जिल्ह्यांत उपलब्ध आहेत. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांच्यापर्यंत रुग्णाला पोहोचता येते. जी तपासणी महाग आहे तिच्या अभावाचे कारण पुढे करून, जी सरकारी केंद्रात मोफत होते ती टाळणे समर्थनीय ठरत नाही.

औषधाच्या सुरक्षिततेबाबतही अतिशयोक्ती नको. सुमारे १७,५०० रुग्णांवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षे पॅन्टोप्रॅझोल घेणाऱ्यांत आतड्यांच्या संसर्गाखेरीज अन्य गंभीर धोका वाढल्याचे आढळले नाही. तथापि दूषित पाण्याची समस्या असलेल्या भागात आतड्यांचा संसर्ग ही लहान बाब नव्हे. दीर्घ वापरात बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते, ही गोष्ट शाकाहारी रुग्णाबाबत अधिक महत्त्वाची ठरते. वर्षानुवर्षे घरोघरी घेतले गेलेले रॅनिटिडीन २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळण्यात आले. ओळखीची गोळीही पुन्हा तपासावी लागते, एवढा बोध त्यातून घेता येतो.

रुग्णाची भाषा हेच साधन

भाषेने निर्माण केलेल्या गोंधळावर भाषेतच एक उपायही आहे. ग्रामीण मराठीत खोकल्याला अनेक नावे आहेत. घशात सतत टोचत राहणारी कोरडी 'ढास', थांबता न थांबणारी 'उबळ', जेवताना वा पाणी पिताना लागणारा 'ठसका', जेवणानंतरचे सततचे 'खाकरणे' हे सर्व एकच नव्हे. 'घशाशी येते', 'आंबट पाणी तोंडात येते', 'आडवे पडले की ढास लागते' असे रुग्ण सांगतो, तेव्हा रिफ्लक्सच्या बाजूने साक्ष मिळते. 'संध्याकाळी कणकण येते', 'अंगावरचे कपडे सैल झाले', 'बेडक्यातून रक्त पडले' या वाक्यांची दिशा पूर्णपणे वेगळी आहे. हे सर्व तपशील 'पित्त' या एका शब्दात बुडवून टाकले की रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले निदान हातून निसटते. रुग्णाच्या शब्दांचे बारकाईने श्रवण करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. रिफ्लक्समुळे खोकला होतो, परंतु प्रत्येक रेंगाळणारा खोकला रिफ्लक्सचा नसतो, आणि रिफ्लक्सचा प्रत्येक खोकला आम्लाचा नसतो. जळजळ व आंबट पाणी ही लक्षणे असलेल्या रुग्णाला आम्लरोधक गोळी ठरावीक मुदतीसाठी, आहार व झोपेच्या सवयींतील बदलांसह देणे योग्य आहे. ती मुदत संपताच परिणाम तपासावा आणि लाभ नसल्यास गोळी बंद करावी. ही लक्षणे नसलेल्या रुग्णाला केवळ खोकल्यासाठी ती देण्यास आजचा पुरावा पाठबळ देत नाही. नांदेड व लातूरसारख्या जिल्ह्यांत तर दोन आठवड्यांच्या खोकल्यानंतर थुंकीची डबी गोळीच्या पाकिटाआधी रुग्णाच्या हाती पडली पाहिजे.

गोळी स्वस्त आहे, ओळखीची आहे आणि तिच्यामागे एक जुना, आपलासा वाटणारा शब्द उभा आहे. म्हणूनच तिची चिकित्सा कठीण जाते. उपचार देणे आणि उपचाराची परीक्षा करणे या दोन्ही क्रियांना मराठीने 'चिकित्सा' हा एकच शब्द दिला आहे. त्यातील दुसरी क्रिया सुटली की पहिली केवळ सवय बनून राहते.