कझिन म्हणजे नक्की कोण?

गेल्या दीड महिन्यात रोहन कानवडेंचा ‘साबर बोंड’ पाहिला आणि पाठोपाठ पॅट्रिशिया ग्रेस यांची ‘कझिन्स’ वाचून संपवली. एक २०२५चा मराठी सिनेमा, दुसरी १९९२ची न्यूझीलंडमधल्या माओरी लेखिकेची कादंबरी. एकमेकांशी संबंध काही नाही, पण माझ्या डोक्यात दोन्ही अजून एकमेकांशी वाद घालत बसल्या आहेत, म्हणून हे लिहितेय. (सिनेमाचा शेवट सांगत नाही. कादंबरीचा थोडा सांगावाच लागेल.)

‘साबर बोंड’ला सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हापासून त्याची ओळख ‘दोन पुरुषांच्या प्रेमाचा मराठी सिनेमा’ अशी झाली आहे. तो आहेच तसा. पण मला तो त्याआधी सुतकाचा सिनेमा वाटला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद, वडील गेले म्हणून आईबरोबर गावी येतो. दहा दिवस राहायचं. अनवाणी फिरायचं, हे खायचं नाही, ते करायचं नाही. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारणार, लग्नाचं काय? बाप गेल्यावर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे गणित आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही.

सुतकाच्या घराची गंमत अशी (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) की तिथे प्रत्येकाचं काम नात्यावरून ठरलेलं असतं. पिंड कोण देणार, जेवण कुणाच्या घरून येणार, रडणाऱ्या बाईला कोण धरणार, हे कुणी वाटून देत नाही. मामा म्हटला की त्याचं एक काम, आत्या म्हटली की तिचं एक. अशा घरात बाळ्या येतो. तो आनंदचा लहानपणचा दोस्त, शेतावर राबणारा, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. तो आनंदसाठी निवडुंगाची लाल बोंडं काटे काढून घेऊन येतो. आता हा या घराचा कोण? ‘मित्र’ म्हटलं की विषय संपतो, कारण मित्राला सुतक नसतं. सगळ्या घरात एकटा तोच असा, ज्याला नात्याचा शब्द नाही आणि म्हणून ठरलेलं कामही नाही. कानवडेंनी यावर एकही भाषण दिलेलं नाही. कॅमेरा एका जागी बसून राहतो, पार्श्वसंगीत नाही, आणि आपण नुसतं बघत राहतो की या माणसाला उठबस करायला जागा कुठे आहे. भूषण मनोज आणि सूरज सुमन दोघंही फार कमी बोलून हे करतात. जयश्री जगताप यांची आई मात्र या सगळ्यांत वरचढ. मुलाचं सगळं ठाऊक असलेली आणि तरी चारचौघांत काय बोलायचं नाही हेही पक्कं ठाऊक असलेली बाई मी मराठी सिनेमात याआधी पाहिलेली नाही.

एक तक्रार आहे. बाहेरून काटे, आतून गोड, हे प्रतीक फारच तयार मिळालेलं आहे. सिनेमा त्याला थोडा जास्त वेळ हातात धरून बसतो.

आता ‘कझिन्स’. ग्रेस यांचा जन्म १९३७चा, वेलिंग्टनचा. त्यांची १९७८ची ‘मुतुव्हेनुआ’ ही माओरी स्त्रीने लिहून प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी मानतात. ‘कझिन्स’मध्ये तीन मुली आहेत. पहिलीचं नाव खरं तर ‘माता’, पण मराठी वाचकाला दर वाक्यात आई दिसेल म्हणून मी ‘माटा’ लिहिते. ती अनाथाश्रमात वाढते, तिथे तिचं नावसुद्धा बदलून ‘मे’ होतं. मकारेता आजीच्या डोळ्यासमोर वाढलेली, घराण्याची निवडलेली मुलगी. मिसी गरीब घरातली, कामाला वाघ. मकारेताचं लग्न आजीने दोन घराणी जोडण्यासाठी ठरवलेलं असतं. ती ऐनवेळी निघून जाते आणि मिसी आपणहून तिच्या जागी उभी राहते. हा भाग वाचताना मला चंद्रपूरकडचा ‘स्थळ’ सिनेमा आठवला, त्यातले पोहे आणि पाटावर बसवून विचारलेले तेच ते प्रश्न. पण ‘स्थळ’मध्ये मुलीला नकार मिळत राहतो. इथे नकार मुलगी देते, आणि त्याची किंमत दुसरीच मुलगी मोजते. ग्रेस यांचा मोठेपणा हा की मिसीची त्यांना कीव येत नाही. ती लग्न करते ते समजून उमजून, आणि त्यातून ती घरची मालकीण होते.

कागद घेऊन मी वंशावळ मांडली. माटाची आई आणि मिसीची आई सख्ख्या बहिणी, मकारेताचे वडील त्यांचे भाऊ. म्हणजे माटा आणि मिसी मावसबहिणी. माटाला मकारेता मामेबहीण, पण मकारेताला माटा आतेबहीण. इंग्रजीत सगळ्या कझिन. माओरीत चुलत-मावस भावंडांना सख्ख्यांचेच शब्द लावतात, थोरली की धाकटी एवढंच बघतात. आपण दोन्ही करतो, ‘बहीण’ म्हणतो आणि वर ‘मावस’ही लावतो. निदान लावायचो. पुण्या-मुंबईकडे आता ‘माझा कझिन’ एवढ्यावर भागतं, आणि इथे हॅमिल्टनमधल्या मराठी घरांतली मुलं तर आत्या, मामी, काकू, मावशी अशा चौघींना ‘आंट’ करून मोकळी होतात. मला त्यात भाषेच्या शुद्धतेचं दुःख नाही. पण शब्द गेला की त्याबरोबरचं कामही जातं. आत्या नसेल, तर बारशाला नाव ठेवायला पुढे कोण येणार?

माटाचं उलटं आहे. तिच्यासाठी शब्द जन्मापासून तयार आहेत, घरात तिची जागा रिकामी ठेवलेली आहे, आणि तिला ते माहीतच नाही. बाळ्याला माणूस मिळतो, शब्द मिळत नाही. शेवटी मकारेताच्या मरणामुळेच माटा घरी पोचते.

इथे तांगीहांगाबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे देह काही तासांत जातो आणि मग दहा-तेरा दिवस माणसं बसतात. माओरींकडे देह मध्ये ठेवून माणसं काही दिवस बसतात, त्याला एकटं सोडत नाहीत, त्याच्याशी थेट बोलतात, कधी भांडतातसुद्धा. माओरी राजे तुहेइतिया ३० ऑगस्ट २०२४ला वारले आणि ५ सप्टेंबरला त्यांचं दफन झालं, तेव्हा हॅमिल्टनपासून वीसेक किलोमीटरवरच्या न्गारुआवाहियाला हेच चाललं होतं. शेवटच्या दिवशी त्यांना होडीतून वायकाटो नदीने तौपिरी डोंगराकडे नेलं. हे पाहिलेलं असेल तर कादंबरीची शेवटची पानं वेगळी लागतात, कारण मेलेली मकारेता तिथे संपलेलं पात्र नसते, ती यजमानीण असते.

‘कझिन्स’वर २०२१मध्ये सिनेमाही आला. तिघींच्या तीन वयांना वेगवेगळ्या अभिनेत्री आहेत आणि तानेआ हेके यांची थोराड माटा विसरता येत नाही. तरी पुस्तक आधी वाचा. पुस्तकात ती नुसती चालत राहते आणि आपल्याला कित्येक पानं कळत नाही की का.

मधल्या काळात एलेनर कॅटन यांची ‘बर्नम वूड’ही वाचली. चलाख, वेगवान, अब्जाधीश खलनायक मस्त. पण त्यात सगळे सहकारी, कार्यकर्ते, फार तर नवराबायको. कुणाला आत्या म्हणून नाही. एवढी माणसं मेली, आणि पुढे सुतक कोण पाळणार हा प्रश्न पुस्तकाला पडतच नाही.

‘कझिन्स’ मराठीत आणायची तर नाव काय द्यायचं यावर परवा बरंच डोकं खाजवलं. ‘बहिणी’ केलं तर तिघी एकाच घरात वाढल्यासारख्या वाटतात. ‘मावस-मामे’ म्हणजे सरळ विनोदी नाटक. ‘चुलत’ तर इथे कुणीच नाही. सध्या ‘तिघी’वर थांबले आहे, तेही नाइलाजाने.