पावसाची एक रेषा आणि सह्याद्रीचा उतार

भूरूपशास्त्रज्ञ नेल केन यांचा उथळ भूस्खलनांवरील १९८० सालचा लेख आजही आधाराला घेतला जातो. जगभरातील ७३ घटनांची पर्जन्यतीव्रता व कालावधी आलेखावर मांडून त्यांनी बिंदूंच्या खालच्या कडेने एक रेषा आखली. कालावधीच्या तासांचा −०.३९ वा घात काढून त्यास १४.८२ ने गुणावे. ताशी मिलिमीटरमध्ये किमान तीव्रता मिळते. २४ तासांसाठी ती ताशी ४.३, म्हणजे दिवसाला सुमारे १०३ मि.मी. येते. अकरावीचा विद्यार्थीही गणकयंत्रावर हे पडताळू शकेल. हा सोपेपणा लेखाचा मोठा गुण; आमची तक्रारही तेथूनच सुरू होते.

महाबळेश्वरला जुलैत दिवसाला १०० मि.मी. पावसाचे कोणाला नवल वाटत नाही. ही रेषा धोक्याची घंटा मानली, तर घाटमाथ्यावर ती वारंवार वाजेल आणि गावकरी तिच्याकडे लक्ष देणे सोडतील. केन यांच्या नोंदी कोसळलेल्या उतारांच्या आहेत. तेवढाच पाऊस झेलून टिकलेले उतार त्यांत नाहीत. म्हणून रेषेखाली दरड कोसळण्याचा संभव कमी, इतकेच त्यातून निघते. रेषा ओलांडल्यावर किती उतार सुटतील, हे त्यातून कळत नाही. यात केन यांच्यापेक्षा, किमान मर्यादेला सरसकट इशारा समजणाऱ्यांची चूक मोठी आहे, असे आम्हांस वाटते.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर कमी जोराने टेकतात, घर्षण घटते. मातीला धरून ठेवणारे बल खाली ओढणाऱ्या बलापेक्षा कमी झाले की उतार सुटतो. जूनच्या आरंभी कोरडी, भेगाळलेली जमीन बरेच पाणी पिते. तेवढाच पाऊस जुलैअखेरीस आधीच भिजलेल्या मातीवर पडतो. माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले, तळिये २२ जुलै २०२१ रोजी, तर इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. जुलैत पाऊसही जास्त असतो, हे खरे. परंतु मागच्या पावसाचा हिशेब केन यांच्या सूत्रात कोठेच नाही. उताराचा कोन नाही, मुरमाची जाडीही नाही.

शाळेच्या पर्जन्यमापकाच्या वहीत रोजच्या आकड्याशेजारी मागील १५ दिवसांच्या बेरजेचा रकाना आखावा. १० जून व २५ जुलै या तारखांच्या ओळी शेजारी ठेवल्या, की आलेखात काय राहून गेले ते विद्यार्थ्यांना दिसेल.