बिंगहॅमचा मुंगीग्रंथ आणि रानांतील निरीक्षक

हिंदुस्थानांतील मुंग्यांच्या जाति ओळखण्याची विद्या ज्याला शिकावयाची आहे, त्याला आजही बिंगहॅमच्या ग्रंथाचा आश्रय करावा लागतो. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेंतील हा भाग १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार प्रथम लष्करांत व पुढें ब्रह्मदेशच्या वनखात्यांत होता. तेव्हां त्याला रानाची ओळख नव्हती असें कोणीच म्हणणार नाहीं. तथापि त्याच्या ग्रंथाचा गुण आणि दोष यांचें मूळ एकच आहे, असें आमचें मत आहे.

गुण हा कीं, तो वाचकाला रंगावर विसंबूं देत नाहीं. मोठा काळा तो मुंगळा आणि चावरी तांबडी ती लाल मुंगी, येवढ्यावर लोकव्यवहार चालतो. शास्त्र चालत नाहीं. कंबर एका गांठीची कीं दोन गांठींची, स्पर्शिकांचे सांधे किती, पाठीवर कांटे आहेत काय, हें भिंगाखालीं पाहावें लागतें. शिवाय एकाच बिळांतील बहिणी सारख्या दिसतीलच असें नाहीं. 'फायडोली' गणांतील सामान्य कामकरीण इवलीशी असते, तर तिच्याच शिपाईण बहिणीचें डोकें अवाढव्य असतें. एकेकटी मुंगी उचलून नेणारास त्या दोन जाति वाटाव्यात, यांत नवल काय?

दोष हा कीं, ही सारी शिस्त मेलेल्या मुंगीची आहे. जाति ठरविण्याच्या कोष्टकांत शरीराचीं लक्षणें येतात. बिळाला, चालीला, सवयीला तेथें जागा नाहीं. कांहीं जातींखालीं सवयींचीं टिपणें आहेत, परंतु तीं तोंडीं लावण्यापुरतीं. वस्तुतः रानांत मुंगी आपली ओळख स्वतःच सांगत असते. लांब जबड्यांची 'हार्पेग्नाथस' डिवचली कीं उडी मारते. 'क्रिमॅटोगॅस्टर' बदामी आकाराचें पोट पाठीवर उचलून धरते. 'डायाकामा'च्या एका जातीच्या बिळाच्या तोंडाशीं पिसें रचलेलीं आढळतात. त्यांवर सांठलेलें दंव त्या मुंग्या पितात. ओंबील तर अळ्यांच्या रेशमानें पानें जोडून घर बांधते. वनाधिकारी रॉटन यानें १८९२ सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत आपल्या मुंग्यांविषयीं लेख लिहिले. त्यांत सवयींना जो मान आहे, तो पुढच्या कोष्टकांत उतरला असता तर बरें झालें असतें.

यावर कोणी म्हणेल, मग भिंग टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. ओंबिलीचें हुबेहूब सोंग घेणारा एक कोळी आहे. तो पुढचे पाय स्पर्शिकांसारखे हालवितो. केवळ चालीवर भाळणारा तेथें फसतो, आणि पाय मोजणारा वांचतो.

भारतांत मुंग्यांच्या आठशेंहून अधिक जाति नोंदल्या गेल्या आहेत, आणि नांवें तर पालटतच असतात. बिंगहॅमची 'फायडोलोजेटन' आज 'कॅरेबारा' झाली आहे. भिंगाखालील नमुना पुन्हां केव्हांही तपासतां येतो. परंतु रान तुटल्यावर तें बीळ कोणाला दिसणार? म्हणून मराठींत या विषयावर जो कोणी लिहील, त्यानें बिंगहॅमची शिस्त अवश्य घ्यावी. परंतु प्रत्येक जातीचें वर्णन बिळापासून सुरू करावें.