दोन आठवड्यांचा परदेशी कोर्स: विद्यार्थी शिकला हे कशावरून?

एमबीएच्या अभ्यासक्रमांत आता दहा-पंधरा दिवसांचे परदेशी कोर्स सर्रास दिसतात. कंपन्यांना भेटी, दोन-चार व्याख्यानं, थोडं शहर बघणं आणि शेवटी अहवाल. त्यांवर शोधनिबंधही निघतात. या विषयात पीएच.डी. करायची असेल, तर त्या निबंधांची रचना आधी तपासा.

रचना साधारण अशी असते: जाण्याआधी प्रश्नावली, आल्यावर तीच प्रश्नावली, सरासरी वाढली, पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणून कोर्स यशस्वी! अनेकदा आंग आणि व्हॅन डाइन यांच्या गटाची (२००७) ‘सांस्कृतिक बुद्धिमत्ता’ मोजणारी २० विधानं वापरतात. त्यात विद्यार्थी स्वतःच स्वतःला गुण देतो. नुकताच परदेशातून आलेला मुलगा ‘मला परकी संस्कृती कळते’ असंच म्हणणार ना? शिवाय जे जातात ते मुळातच उत्सुक असतात. न गेलेल्यांचा गट नसेल, तर वाढ नेमकी कोर्समुळेच झाली हे कळणार कसं?

याच्या तुलनेत मायकेल व्हँडे बर्ग आणि सहकाऱ्यांचा २००९ चा जॉर्जटाउन अभ्यास वाचा. सुमारे १,३०० विद्यार्थी, ६१ कार्यक्रम आणि मायदेशीच राहिलेल्यांचा तुलना-गट. निष्कर्ष असा की नुसतं परदेशात राहून फारसं काही होत नाही; तिथे अनुभवावर बोलायला लावणारा मार्गदर्शक असेल, तर फरक पडतो. मात्र इथेही सावध राहा. मार्गदर्शक कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, आणि हा अभ्यास फक्त बिझनेसच्या विद्यार्थ्यांचा नाही. तो थेट दोन आठवड्यांच्या एमबीए कोर्सला लावता येत नाही.

मग तुम्ही काय कराल? एकाच कोर्समधल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला रोज संध्याकाळी अर्धा तास मार्गदर्शित चर्चा द्या. दुसऱ्याला तेवढाच वेळ मोकळा द्या. आधी आणि नंतर परक्या ग्राहकाशी वाटाघाटीची केस सोडवायला द्या. ती तपासणाऱ्याला कोणता पेपर कोणत्या गटाचा, हे कळू देऊ नका. दोन्ही गट एकाच हॉटेलात राहिले, तर चर्चा इकडून तिकडे पोचेल, तेही आधीच लिहून ठेवा.

नमुना लहान असेल, उत्तर कदाचित ‘फरक नाही’ असं येईल. तरी ते छापा. या कोर्ससाठी घरचे लोक कर्ज काढतात. त्यांना जाहिरात नको, खरं उत्तर हवंय.