प्रतिबंध-वलयाचे मोल : प्रतिजैविक चाचण्यांच्या निबंधांची चिकित्सा

महाविद्यालयीन नियतकालिकांतून सूक्ष्मजीवशास्त्राच्या निबंधांचा एक ठरीव साचा रूढ झालेला दिसतो. कडुनिंबाचा अर्क किंवा शेतातील मातीतून वेगळा केलेला एखादा ॲक्टिनोमायसीट घ्यावयाचा, आगारच्या थाळीवर पडलेले स्वच्छ वलय मिलिमीटरमध्ये मोजावयाचे, आणि निष्कर्षात ‘औषधप्रतिरोधी जीवाणूंवर प्रभावी’ असा शेरा मारावयाचा. परभणी हे कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यक महाविद्यालयाचे ठिकाण. गाईम्हशींचा कासदाह, ज्याला शेतकरी ‘दगडी’ म्हणतो, हा येथील गोठ्यांचा प्रश्न असल्याने अशा शेऱ्याचे मोल येथे तपासणे अगत्याचे ठरते.

वलयाचा आकार केवळ औषधाच्या सामर्थ्यावर अवलंबून नसतो. आगारची जाडी ४ मिलिमीटर आहे काय, जीवाणूंची घनता प्रमाणित आहे काय, रेणू आगारमधून किती पसरतो, यांवर तो बदलतो. कोलिस्टिन हे याचे बोलके उदाहरण होय. त्याचा मोठा रेणू आगारमध्ये नीट पसरत नाही. म्हणूनच २०१६ मध्ये अमेरिकी व युरोपीय मानक संस्थांनी त्याच्यासाठी द्रव माध्यमातील सूक्ष्म-विरलन पद्धतच ग्राह्य मानली. ज्ञात औषधाची ही गत, तर अज्ञात घटकांच्या अर्काची काय कथा! शिवाय अर्काची मात्रा बहुधा मिलिग्रॅममध्ये आणि तुलनेच्या प्रतिजैविकाची मायक्रोग्रॅममध्ये असते. हजारपटीचा हा फरक तक्त्यात दिसतो, निष्कर्षात मात्र लोपतो.

याउलट मराठवाड्यातीलच एक उदाहरण पाहता येते. वोखार्ट कंपनीच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्रातून सेफेपिम-झिडेबॅक्टम हे संयुक्त औषध पुढे आले. एनडीएम हे विकर सेफेपिमचे विघटन करते आणि झिडेबॅक्टम त्या विकराला रोखतही नाही. तरीही हे संयोग परिणामकारक ठरतो, कारण झिडेबॅक्टम जीवाणूच्या भित्तिनिर्मितीतील पीबीपी-२ या प्रथिनाला जखडतो आणि सेफेपिम मुख्यतः पीबीपी-३ ला. हा उलगडा वलय मोजून होणारा नव्हता. त्यासाठी प्रतिरोधाची जनुके ज्ञात असलेले वाण, प्रथिन-बंधनाचे प्रयोग आणि वेळेनुसार जीवाणू मरण्याचा आलेख लागतो. चाचणीतील दोन्ही घटकांचे प्रमाणही १:१ ठेवावे लागते. टॅझोबॅक्टमप्रमाणे ४ मायक्रोग्रॅमची स्थिर मात्रा येथे चालत नाही. अर्थात अशा औषधांवरील बरेचसे निबंध कंपनीच्या अर्थसाहाय्याने होतात, हेही वाचकाने नजरेआड करू नये.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेकडून एवढ्या सामग्रीची अपेक्षा अवाजवी होईल. परंतु ९६ खळग्यांच्या पट्टीवर किमान प्रतिबंधक मात्रा काढणे, एटीसीसी २५९२२ सारखा प्रमाण वाण सोबत ठेवणे, निव्वळ द्रावकाची स्वतंत्र चाचणी घेणे, हे आवाक्यातले आहे. कासदाहाच्या दुधातील जीवाणूंना मानवी रुग्णांसाठी ठरविलेले निकष जसेच्या तसे लावणेही टाळता येते. बहुप्रतिरोधी वाण मात्र पदवीवर्गाच्या साध्या टेबलावर हाताळू नयेत. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने अशा कामासाठी योग्य जागा आणि सहकार्य जिल्ह्यातच शोधता येईल. ‘अर्क निष्प्रभ ठरला’ असे नोंदविणारा निबंधही परीक्षकांनी तितक्याच आस्थेने स्वीकारावयास हवा. आज असा निबंध क्वचितच छापून येतो.