दूरशिक्षणातील इतिहासाची पदवी : जळकोटच्या संदर्भात एक चिकित्सा

दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी पारंपरिक पदवीच्या तोडीची असते काय, या एकाच प्रश्नाभोवती आपल्याकडील चर्चा दीर्घकाळ घुटमळत राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या समकक्ष ठरवल्या आणि तो वाद निदान कागदावर तरी मिटला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून ज्यांच्यासाठी पदवीचे दार उघडले, ते शेतात राबणारे, नोकरी करणारे आणि संसारामुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रिया आहेत. त्यांच्या पदवीवर दुय्यमतेचा शिक्का मारणे मुळातच अन्यायाचे होते. प्रस्तुत लेखातील प्रश्न निराळा आहे. या पद्धतीने विद्यार्थी इतिहास शिकतो, की इतिहासाविषयीची माहिती तेवढी त्याच्यापर्यंत पोहोचते?

उदाहरणादाखल तुळजापूर तालुक्यातील जळकोट घेऊ. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील हे गाव नळदुर्गपासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरलेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळील बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला पोहोचली आणि दुपारी उमरग्यात शिरली. याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत त्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पाठ्यपुस्तिकेत हैदराबाद मुक्तिसंग्राम हा एक घटक असतो. जळकोटच्या विद्यार्थ्यासाठी मात्र तो घरासमोरचा रस्ता आहे.

या रस्त्याविषयीची साधने परस्परांशी जुळत नाहीत आणि खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. संरक्षण मंत्रालयाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला एस. एन. प्रसाद यांचा ग्रंथ लष्करी हालचालींचा वृत्तान्त देतो. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्यात घरोघरी सांगितल्या जातात. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, गणना करतो. हा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्य अभ्यासकांना उपलब्ध नव्हता. यांतील कोणते साधन कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने निर्माण केले, हे तपासता येणे म्हणजेच इतिहासाचे शिक्षण होय.

उद्दिष्टे, विषय-विवेचन, सारांश आणि स्वयंअध्ययनासाठी प्रश्न या ठरीव साच्यात मात्र ही विसंगती मावत नाही. सारांश नेहमी एकच असतो! स्वाध्यायाची उत्तरे पुस्तिकेतून उतरवता येतात आणि बहुपर्यायी चाचणी तर परस्परविरोधी पुराव्यांपुढे हतबलच ठरते. वर्गातील अध्यापनही पुष्कळदा याच दोषाने ग्रासलेले असते, हे नाकारता येणार नाही. पण तेथे एखादा चिकित्सक प्राध्यापक साचा मोडू शकतो, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानाला प्रश्न विचारता येत नाही.

येथे एक विरोधाभास नोंदवणे आवश्यक वाटते. नव्वदच्या दशकात खेड्यातील विद्यार्थ्याच्या हाती केवळ छापील पुस्तिका असे. आज जिल्हा गॅझेटियर, जुने अहवाल आणि दुर्मीळ ग्रंथ भ्रमणध्वनीवर उघडतात. तेव्हा ऑनलाइन पद्धती इतिहासाला प्रतिकूल नसून, उलट साधन आणि स्थळ यांची जी भेट शहरातील वर्गात दुर्मीळ असते, ती जळकोटला सहज घडू शकते. एवढ्या सामर्थ्याचा उपयोग आपण मुख्यतः व्याख्याने दाखवण्यासाठी करतो.

यावर स्थानिक प्रकल्प हा उपाय सुचवला जाईल. तो योग्य आहे. परंतु अशिक्षित हातांनी केलेले मौखिक इतिहासाचे काम जुन्या जखमा उकरू शकते. कोणाचे नाव नोंदवावे, कोणते कथन जपून ठेवावे, ऐकीव आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांत भेद कसा करावा, हे संमंत्रकानेच शिकवावे लागते. अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक म्हणून काम करणारे बहुधा आपणच, महाविद्यालयीन प्राध्यापक, आहोत. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले साक्षीदार आता नव्वदीकडे झुकले आहेत. निदान एक संपर्कसत्र वर्गाबाहेर, नळदुर्गला बोरीच्या पुलाजवळ घ्यावे आणि त्याचे टिपण स्वाध्याय म्हणून तपासावे, यासाठी अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहण्याचेही कारण नाही.